उन्हाळ्यात माशांचे पात्र थंड राखणे
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी पाठाची पूर्वतयारी)

काही शाळांतून परिसर अभ्यासाच्या कोपऱ्यात माशांची काचपेटी ठेवलेली दृष्टीस पडते. कोठे ती गावकऱ्यांनी दिलेली असते, कोठे शिक्षकाने स्वतः काचा जोडून तयार केलेली असते. आणि तीत आरोग्य केंद्राकडून मिळालेले गप्पी मासे किंवा तालुक्याच्या बाजारातून आणलेले दोनचार गोल्डफिश सोडलेले असतात. पावसाळा व हिवाळा ही पेटी निर्वेधपणे चालते. मार्च सरत आला की मात्र एकेक मासा पोट वर करून तरंगू लागतो, मुले सकाळी येऊन खिन्न मुद्रेने ती वार्ता सांगतात, आणि एप्रिलच्या मध्यास रिकामी पेटी कपाटावर जाऊन बसते. मग पुढील वर्षी ती खाली काढण्याचा उत्साह कोणासही राहत नाही. आपल्या हवेत मासे टिकतच नाहीत, अशी शिक्षकाची व मुलांचीही समजूत होऊन बसते.

ही समजूत बरोबर नाही. विदर्भ, खानदेश व मराठवाडा येथील उन्हाळा कडक आहे हे खरे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. परंतु तोच उन्हाळा अत्यंत कोरडाही असतो, आणि या कोरडेपणातच त्याचा उतारा आहे. शाळेच्या व्हरांड्यातील पाण्याचा माठ ज्या नियमाने गार राहतो, त्याच नियमाने माशांचे पात्रही काही अंशांनी गार राखता येते. त्यास बर्फ लागत नाही, आणि वीज नसली तरी चालते. येथे अडचण अशी की माशांच्या पेटीविषयीचे बरेचसे छापील ज्ञान थंड देशांतून आले आहे. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून त्या परस्परांस कशा उपकारक होतात हे प्रसिद्ध केले. त्या प्रयोगापासून काचपेटीची आवड पसरली. तिकडील पुस्तकांत पाणी ऊबदार कसे राखावे याची प्रकरणेच्या प्रकरणे असतात. आपला प्रश्न नेमका उलटा आहे.

प्रथम शिक्षकाने स्वतः हे समजून घ्यावे की उष्ण पाण्यात माशाला नेमके होते काय. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांच्या द्वारे घेतो. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो ७.५ च्या आसपास व ३५ अंशांस ६.९ च्या आसपास येतो. ही घट फार मोठी वाटणार नाही. पण त्याच वेळी माशाची गरज वाढत असते. माशाचे रक्त आपल्यासारखे ठराविक तापमानाचे नसते. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते, आणि साधारणतः दर १० अंशांमागे त्याचे शरीरव्यापार दुपटीच्या सुमारास वेगाने चालू लागतात. म्हणजे एकीकडे आवक घटते आणि दुसरीकडे खर्च दुप्पट होतो. शेतकऱ्याच्या मुलांना हा हिशेब समजावण्यास फारसा वेळ लागत नाही.

येथे एक निरीक्षण मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. पहिल्या घंटेला मुलांना पेटीजवळ नेऊन मासे कोठे आहेत ते पाहावयास सांगावे. पुष्कळदा ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत असतात. दुपार सर्वात उष्ण असताना मासे सकाळी का गुदमरतात, हा प्रश्न मुलांनीच विचारला तर उत्तम. पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्याही माशांप्रमाणे प्राणवायू घेत राहतात. त्यामुळे पहाटेपर्यंत साठा अगदी तळास गेलेला असतो. पेटीत तळाशी उरलेले अन्न कुजत असेल तर ते कुजणेही प्राणवायू खाते. म्हणून एप्रिलपासून खाद्य निम्मे करावे. भुकेने मासा क्वचितच मरतो, मुलांच्या प्रेमाने घातलेल्या चुरमुऱ्यांनी मात्र मरतो.

आता मूळ पाठाकडे वळू. पाणी उडून जाताना गारवा का येतो? पाण्याचे रेणू सारखे हालचाल करीत असतात. त्यांतील काही इतरांपेक्षा अधिक वेगवान असतात. पृष्ठभागाजवळचे असे वेगवान रेणू निसटून हवेत जातात आणि मागे मंद रेणू राहतात. वेगवान गेले व मंद राहिले, म्हणजेच मागे राहिलेले पाणी थंड झाले. वाफ होऊन जाणारे पाणी जी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते तिला सुप्त उष्णता, किंवा पाठ्यपुस्तकांतील शब्दांत अप्रकट उष्मा, म्हणतात. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक याने १७६१ च्या सुमारास ही कल्पना प्रथम स्पष्टपणे मांडली. आपल्या गावचा कुंभार तिचा उपयोग त्याच्याही पूर्वीपासून करीत आला आहे, हे सांगावयास हरकत नाही.

आकडे फळ्यावर मांडल्याखेरीज या उष्णतेचे मोठेपण ध्यानात येत नाही. ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाणी उडून जाण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, पेटीत २० लिटर, म्हणजे २०,००० ग्रॅम पाणी आहे, आणि दिवसभरात त्यातील एक पेलाभर, २०० ग्रॅम, पाणी उडून गेले. २०० गुणिले ५८० म्हणजे १,१६,००० कॅलरी. एवढी उष्णता २०,००० ग्रॅम पाण्यातून निघाली, तर ते ५.८ अंशांनी थंड झाले पाहिजे. प्रत्यक्षात भोवतालच्या हवेतून व भिंतीतून उष्णता सतत आत येत असते. म्हणून तापमान तितके उतरत नाही. तरीही पेलाभर पाण्याचे सामर्थ्य यावरून कळते. याच्या तुलनेला दुसरे उदाहरण द्यावे. पेटीतील २० लिटर पाणी ३३ अंशांवर असताना माठातील २५ अंशांचे एक लिटर पाणी तीत ओतले, तर मिश्रणाचे तापमान ३२.६ अंश होते. लिटरभर गार पाणी ओतून अर्धा अंशदेखील फरक पडला नाही! बर्फाचेही तसेच. एक किलो बर्फ वितळताना ८०,००० कॅलरी शोषतो. तेवढेच पाणी उडून जाताना ५,८०,००० कॅलरी नेते, म्हणजे सातपटींहून अधिक. शिवाय बर्फाने पाणी एकाएकी थंड होते व तो धक्का माशाला मानवत नाही. बाष्पीभवनाने येणारा गारवा सावकाश येतो.

प्रत्यक्ष प्रयोग

“ओल्या वस्तू मुळातच गार असतात” असे उत्तर वर्गात हटकून येते. त्याची चूक शब्दांनी दाखवू नये, प्रयोगाने दाखवावी. एकाच आकाराच्या तीन बाटल्या घेऊन त्यांत सारखेच पाणी भरावे. पहिली कोरडी ठेवावी. दुसरीस ओले सुती फडके गुंडाळावे. तिसरीसही तसेच ओले फडके गुंडाळून ती मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावी व पिशवीचे तोंड घट्ट बांधावे. तिन्ही बाटल्या व्हरांड्यात सावलीत, वाऱ्यावर ठेवून दर अर्ध्या तासाने त्यांतील पाण्याचे तापमान नोंदवावे. पिशवीतील बाटलीचे मात्र अखेरीस एकदाच पाहावे. दुसऱ्या बाटलीतील पाणी उतरू लागते. तिसरीचे फडके तितकेच ओले असूनही तीत तसा गारवा येत नाही, कारण पिशवीतील हवा लवकरच बाष्पाने भरून जाते व पुढे पाणी उडून जाण्यास वाव उरत नाही. ओलेपणा निराळा आणि ओलेपण उडून जाणे निराळे, ही गोष्ट येथे मुलांच्या हातात येते. तापमापक तांबड्या द्रवाचा घ्यावा. पाऱ्याचा फुटल्यास पारा विषारी असतो. तापाचा तापमापक या कामास निरुपयोगी आहे, कारण त्याच्या खुणा ३५ अंशांच्या सुमारास सुरू होतात.

याला जोडून दुसरा एक सोपा प्रयोग करावा, कारण पुढील सर्व व्यवस्था त्यावर अवलंबून आहे. दोन तापमापक शेजारीशेजारी टांगून एकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळावी व पुठ्ठ्याने वारा घालावा. ओल्या तापमापकातील द्रव खाली उतरत जाऊन एका ठिकाणी थांबतो. ज्या अंकावर तो थांबतो त्याच्याखाली केवळ बाष्पीभवनाने पाणी थंड करता येत नाही. एप्रिलच्या दुपारी सावलीतील तापमान ४० अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर हा अंक २३ अंशांच्या जवळपास येतो. म्हणजे आपल्याला खेळण्यास बराच मोठा पल्ला मिळाला. कोकणात तापमान ३३ अंश व आर्द्रता ७५ टक्के असली, तर हाच अंक २९ च्या आसपास राहतो. तेथे जेमतेम चार अंशांचा वाव आहे. म्हणून किनाऱ्यालगतच्या शिक्षकबंधूंनी ओल्या फडक्यावर भिस्त न ठेवता सावली, वारा व पात्रात मोजकेच मासे या तीन गोष्टींकडे अधिक लक्ष पुरवावे.

पात्राची व्यवस्था

बाष्पीभवनाने उष्णता बाहेर काढण्याआधी ती आत येऊ न देणे हे शहाणपणाचे. पत्र्याच्या छपराखालची खोली दुपारी भट्टीसारखी होते. तेथे कोणताही उपाय पुरा पडत नाही. पात्र उत्तरेकडील खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर व शक्य तितके जमिनीलगत ठेवावे. थेट ऊन त्यावर क्षणभरही येऊ नये.

पात्राचा आकारही विचारात घ्यावा. अरुंद तोंडाच्या बरणीत मासे ठेवण्याची चाल उन्हाळ्यात अगदी घातक आहे, कारण तीत पाणी उडून जाण्यास जागा थोडी आणि हवा आत विरघळण्यासही तेवढीच थोडी. पसरट पात्र दोन्ही दृष्टींनी चांगले. मांजर व कावळे यांच्या भीतीने पेटीवर काच किंवा फळी झाकण्यात येते. त्यामुळे वरील प्रयोगातील तिसऱ्या बाटलीची स्थिती होते. झाकण काढून मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. गप्पी मासे उडी मारतात, त्यांनाही त्याने अटकाव होतो.

काचपेटीच्या तिन्ही बाजूंस जाड सुती कापड गुंडाळून ते ओले ठेवावे; पुढची बाजू मुलांना पाहण्यासाठी मोकळी सोडावी. नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढावी आणि साबणाचा अंश राहू देऊ नये. कापडाचे खालचे टोक परातीतील पाण्यात बुडवून ठेवल्यास ते आपोआप पाणी वर ओढून घेते. परंतु हे पाणी काही बोटेच वर चढते, सबंध पेटीभर नाही. म्हणून वरचा भाग दिवसातून तीनचार वेळा हाताने शिंपडून ओला करावा लागतो. हे काम मुलांच्या पाळीने सहज होते. कापडावरून उडणारे पाणी आपली काही उष्णता हवेतून घेते व काहीच काचेतून. तेव्हा त्याचा गुण पृष्ठभागावरून उडणाऱ्या पाण्याइतका येणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

येथे एक सावधगिरी. कापड सतत ओले राहावे म्हणून कित्येक जण त्याचे वरचे टोक पेटीतील पाण्यात बुडवून कापड काठावरून बाहेर सोडतात. युक्ती सुरेख दिसते, पण ती घातक आहे. कापडाचे धागे पाणी काठापर्यंत चढवतात आणि बाहेरचे टोक आतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली लोंबत असल्यामुळे तेथून ते थेंब थेंब ठिबकत राहते. हे ठिबकणे आतील पातळी बाहेरच्या टोकाशी येईपर्यंत चालते. शनिवारी दुपारी अशी योजना करून शाळा बंद केली, तर सोमवारी जमीन ओली आणि पेटी रिकामी सापडावयाची. दोन वाट्या व एक सुताची वात घेऊन हीच गोष्ट वर्गात दाखविल्यास मुलांची चांगली करमणूक होते, आणि दिव्याच्या वातीत तेल कसे चढते हेही त्याबरोबर शिकवून होते.

शाळेत वीज असेल तर टेबलावरील पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा जाईल असा ठेवावा. स्थिर पाण्यावर बाष्पाने भरलेल्या हवेचा थर गोधडीसारखा पसरून राहतो. वाऱ्याने तो दूर होतो आणि पाणी झपाट्याने उडू लागते. कोरड्या हवेत एवढ्यानेही दोन ते चार अंशांचा फरक पडू शकतो, शिवाय पाण्यावर उठणाऱ्या बारीक लाटांमुळे प्राणवायूही अधिक विरघळतो. मात्र पंखा पाण्याच्या वर टांगू नये, त्याची तार मुलांच्या हाती येईल अशी नसावी, आणि ओल्या हाताने बटण दाबू नये याची सक्त ताकीद द्यावी.

माझ्या मते खेड्यातील शाळेस यांहून सोयीचा मार्ग दुसराच आहे. एप्रिल व मे हे दोन महिने काचपेटीला विश्रांती द्यावी आणि मासे कुंभाराकडील मातीच्या पसरट नांदीत हलवावेत. नांद झिलई किंवा रंग न दिलेली असावी. ती सर्वांगाने पाझरते व माठाप्रमाणे सर्व बाजूंनी गार होते. तीन विटांवर ठेवल्यास वारा खालूनही खेळतो, आणि खाली ओल्या वाळूचा थर दिल्यास आणखी बरे. नवी नांद प्रथम चारपाच दिवस पाण्याने भरून ठेवावी, रोज ते पाणी बदलावे व मगच मासे सोडावेत. मुलांना मासे बाजूने दिसत नाहीत एवढाच तोटा. पण वरून पाहताना माशाच्या शेपटीची हालचाल अधिक चांगली दिसते. तांब्याच्या भांड्यात मात्र मासे कधीही ठेवू नयेत. त्यातून पाण्यात उतरणारा तांब्याचा अंश माशांना व गोगलगायींना विषासमान आहे.

पाणी उडून जाते, परंतु त्यातील क्षार उडत नाहीत. रोज उडालेले पाणी भरून काढीत गेल्यास क्षार साचत जातात. पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी उमटणारी पांढरी रेघ ही त्याचीच खूण. जुन्या माठाची सूक्ष्म छिद्रे या क्षारांनी बुजतात, म्हणूनच तो पूर्वीसारखा गार होत नाही, हे मुलांच्या घरच्या अनुभवाशी जोडून द्यावे. उपाय असा की रोजची भर घालण्याखेरीज आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून तेवढे ताजे घालावे. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टी. सी. एल. पावडर असते, असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस सावलीत ठेवल्यावरच वापरावे.

ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी मिळते, तेथील शिक्षकांच्या मनात एक प्रश्न निश्चित उभा राहील. बायका हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभ्या असताना शाळेने फडकी ओली करण्यात पाणी घालवावे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो वर्गातही मांडावा. २० लिटरच्या पेटीतून आठवड्यास जे चौथा हिस्सा पाणी काढावयाचे, ते पाच लिटर होते. तेच पाणी साठवून त्याने फडकी भिजवावीत. निराळे पाणी घेण्याची जरुरी पडत नाही. फडक्यावर पांढरा थर धरला की ते चोळून धुवावे आणि ते पाणी झाडाच्या आळ्यात टाकावे. याउपरही गावात पाण्याची फारच ओढ असेल, तर मासे ठेवण्याचा हट्ट धरू नये. वरील बाटल्यांचा प्रयोग मग अर्धा तांब्या पाण्यातही होतो.

राहता राहिला उन्हाळ्याच्या सुट्टीचा प्रश्न. मे महिन्यात शाळेला कुलूप असताना नांद ओली ठेवणारे कोणी नसेल, तर सुट्टीपूर्वीच मासे जबाबदार मुलांच्या घरी वाटून द्यावेत. प्रत्येक घरी दोन किंवा तीनच मासे द्यावेत आणि त्याबरोबर ओल्या फडक्याची कृती मुलाने आपल्या आईला समजावून सांगावी. गप्पी मासे आरोग्य विभागाच्या सल्ल्याने एखाद्या बंदिस्त हौदातही सोडता येतील. तेथे ते डासांच्या अळ्या खातात. परंतु हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडील आहे. तो ओढ्यात, नदीत किंवा गावतळ्यात सोडू नये. आपल्या पाण्यातील लहान माशांस त्याचा उपद्रव होतो. गोल्डफिश गप्पीपेक्षा उष्णतेस पुष्कळच नाजूक असतो, म्हणून तो ज्याच्या घरी सर्वात थंड खोली असेल त्याच्याकडे द्यावा.

जूनमध्ये पाऊस सुरू होताच हवा दमट होते व फडकी वाळेनाशी होतात. तेव्हा ती काढून धुऊन, उन्हात वाळवून कपाटात ठेवावीत. तशीच राहू दिल्यास त्यांना बुरशी येऊन कुबट वास सुटतो. नांदीतील क्षाराचा थर नारळाच्या काथ्याने घासून काढावा, व मासे पुन्हा काचपेटीत घेताना पेटीतील आणि नांदीतील पाणी सारख्याच तापमानाचे आहे की नाही, हे मुलांकडून तापमापकाने पाहून घ्यावे.